दोन ठोक्यांमधली शांतता

ठाण्यातली कुठलीही सोसायटी, रात्रीची वेळ. गिटार अ‍ॅम्पला जोडा, गेन, म्हणजे सिग्नल वाढवणारी खुंटी, थोडा चढवा आणि तारांना हात न लावता नुसतं ऐका. जे ऐकू येईल तो त्या घराचा आवाज. महावितरणची वीज ५० हर्ट्झची. ती भिंतीभिंतींतून फिरते, लिफ्टची मोटार चालवते, ट्यूबलाइटच्या चोकमधून जाते. आणि गिटारचा पिकअप म्हणजे शेवटी चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. वाजवलेला सूर कुठला आणि मोटारीचं चुंबकीय क्षेत्र कुठलं, हे तिला कळत नाही. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपमधून येणारी खालची घूं असते ती ५० हर्ट्झची, आणि तिच्यावर बसलेली चरचर १०० ची व तिच्या पटींची. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला ‘जी’ (G) हा सूर मिळतो तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे घरातली भुणभुण त्या जीपेक्षा जेमतेम चढी. जीमध्ये बसवलेली चाल अशा खोलीत वाजवली, की मागे कोणीतरी सतत बेसूर ‘आ’ लावून उभं आहे असं वाटत राहतं.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपची, म्हणजे सिग्नल वाढवणारं बॅटरीवरचं छोटं सर्किट पोटात असलेल्या पिकअपची, गोष्ट निघाली की आपल्याकडे बोलणं लगेच मेटलवर आणि दणकट आवाजावर जातं. मला ती सुरुवातच चुकीची वाटते. दणका पेडलमधून मिळतो, अ‍ॅम्पमधून मिळतो, आणि त्यासाठी गिटारला भोकं पाडायची गरज नसते. अ‍ॅक्टिव्ह पिकअप घेताना आपण पैसे मोजतो ते दोन ठोक्यांमधल्या शांततेसाठी. उजव्या हाताच्या तळव्याने तारा दाबून सोळाव्या भागाचे ठोके वाजवताना मधली जागा खरंच रिकामी राहते का, हा खरा प्रश्न. आणि त्या शांततेच्या बदल्यात एक गोष्ट द्यावी लागते. कॉइल, केबल, व्हॉल्यूमची खुंटी आणि पेडल यांचं आपसातलं नातं तुटतं. ते नातं ज्याला हवं आहे त्याने हा सौदा करू नये, आणि ज्याला त्याचाच त्रास होतो त्याने जरूर करावा.

हे नातं म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. साध्या हंबकरच्या, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपच्या, प्रत्येक कॉइलला ५००० च्या आसपास वेढे असतात. इतक्या वेढ्यांमुळे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला अडवण्याचा कॉइलचा गुण, ४ ते ५ हेन्रीपर्यंत जातो. गिटारच्या केबलला दर मीटरला साधारण १०० पिकोफॅराड कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) असतो. हे दोन्ही मिळून एक रेझोनन्स तयार होतो, म्हणजे ठरावीक सुरांपाशी आवाजाला उंचवटा येतो, आणि पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, पिकअपचा स्वभाव बराचसा त्या उंचवट्यात असतो. ४.५ हेन्रीचा पिकअप आणि कॉइलचे स्वतःचे १०० पिकोफॅराड धरा. ३ मीटरच्या केबलला हा उंचवटा ३७०० हर्ट्झच्या पुढे येतो, ६ मीटरला २८०० च्या आसपास, आणि १० मीटरला घसरून २२५० वर. म्हणजे घरी छोट्या केबलवर जो टोन मनापासून जुळवला, तो गणपतीच्या मांडवात १० मीटरच्या केबलवर दुसरीच गिटार असल्यासारखा बोलतो. वाजवणारा अ‍ॅम्पच्या ट्रेबलला दोष देतो आणि साउंडवाल्याशी वाद घालतो. दोष दोघांचाही नसतो.

व्हॉल्यूमच्या खुंटीचं गणित याहून बोलकं आहे. ५०० किलोओमचा पॉट, म्हणजे खुंटीखालचा फिरता रेझिस्टर, विद्युत अर्थाने अर्ध्यावर आणला, की त्याच्यापुढच्या केबलला १२५ किलोओमचा स्रोत दिसतो. त्यावर १० मीटरच्या केबलचे १००० पिकोफॅराड, म्हणजे १३०० हर्ट्झच्या आसपास वरचे सूर गळायला लागतात. आवाज कमी केला की टोन चिखलात जातो, असं आपण म्हणतो त्याचं कारण हे. पॉटच्या मधल्या आणि आत येणाऱ्या टोकांमध्ये ०.००१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर आणि १५० किलोओमचा रेझिस्टर समांतर लावला की हे पुष्कळसं सावरतं. दोन्ही भाग लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतात. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, एवढंच. पिकअप बदलण्याआधी हे करून बघावं.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये वेढे मुद्दाम कमी असतात. कमी वेढ्यांच्या कॉइलचा सिग्नल दुबळा, पण वागणूक स्वच्छ. तो दुबळा सिग्नल पिकअपच्याच पोटात, रेझिनमध्ये गाडलेला छोटा प्रीअ‍ॅम्प उचलून धरतो आणि बाहेर १० किलोओमच्या आसपासच्या इंपीडन्सवर (बदलत्या विजेला होणाऱ्या विरोधावर) सोडतो. आता तीच १० मीटरची केबल लावा: १० किलोओम आणि १००० पिकोफॅराड, गळती सुरू होते १६,००० हर्ट्झच्या जवळ. गिटारचा स्पीकर ५-६ हजारांच्या वर फारसं काही बोलतच नाही. केबलचा प्रश्न तिथेच संपतो. व्हॉल्यूम ५ वर आणला तरी टोन तोच, फक्त लहान. वाशीच्या भावे नाट्यगृहासारख्या मोठ्या रंगमंचावर, जिथे अ‍ॅम्प मागे आणि वादक पुढे असतो, तिथे ही मोठी सोय आहे.

हा विचार नवा नाही. गिब्सनने लो-इंपीडन्स पिकअपच्या लेस पॉल गिटारी १९६९ मध्येच आणल्या होत्या, पण त्या चालल्या नाहीत. कॅलिफोर्नियात रॉब टर्नरने १९७६ मध्ये जो उद्योग सुरू केला तो पुढे ईएमजी झाला, आणि मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डच्या हातात पुढे ईएमजीच्या ८१ आणि ६० या पिकअपची जोडी रूढ झाली. तिथून ‘अ‍ॅक्टिव्ह म्हणजे मेटल’ हे समीकरण पक्कं बसलं. पण पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या लाल स्ट्रॅट गिटारमध्ये तीन ईएमजी एसए होते, आणि डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लरच्या पेन्सा-सूर गिटारमध्ये ब्रिजला ईएमजी ८५ व पुढे दोन एसए. दोघेही ज्या नितळ, लांबणाऱ्या सुरांसाठी ओळखले जातात त्यांचा मेटलशी काही संबंध नाही. त्यांनाही हवी होती ती शांतताच.

ही शांतता दर वेळी पिकअप बदलूनच मिळते असं मात्र नाही, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण पुष्कळ पैसे इथेच वाया जातात. घरातला आवाज दोन प्रकारे गिटारमध्ये शिरतो. एक चुंबकीय: ट्रान्सफॉर्मर, मोटार, चोक. याच्यावर तांब्याचा पत्रा लावून उपयोग नाही. त्यासाठी उलट वेढ्यांच्या, उलट ध्रुवांच्या दोन कॉइल लागतात, आणि ते काम १९५५ पासून, म्हणजे सेथ लव्हरने गिब्सनसाठी हंबकरच्या पेटंटचा अर्ज केला तेव्हापासून, पॅसिव्ह हंबकरही उत्तम करतो. दुसरा विद्युत क्षेत्राचा: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, आणि आपल्या घरांतला सर्वांत मोठा गुन्हेगार, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. गोल फिरवायचा, टप्पे नसलेला रेग्युलेटर ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतो. तो दर अर्ध्या लहरीत वीज मध्येच कापतो आणि १०० हर्ट्झची करवत सुरू होते. ओळखायचं कसं? पंखा मधल्या वेगावर असताना चरचर सर्वांत जास्त, पूर्ण वेगाला किंवा बंद केल्यावर एकदम कमी. असं असेल तर टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनचं दहा मिनिटांचं काम आहे.

तारांना हात लावल्यावर चरचर कमी होत असेल तर ती या दुसऱ्या प्रकारची, म्हणजे शिल्डिंगने आटोक्यात येणारी. मग पिकअपच्या खाचा आणि पॉटची पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा. पट्टीचा डिंकही वीज वाहणारा हवा. साधा डिंक असेल तर जिथे एक पट्टी दुसरीवर चढते तिथे सोल्डरचा ठिपका द्या, आणि मल्टिमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ ओमच्या आत येतं का ते बघा. मग त्या मढवलेल्या पोकळीतून एक तार ग्राउंडला. पॅसिव्ह हंबकर आणि नीट मढवलेली पोकळी असेल, तर घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये क्लीन आणि मध्यम गेनसाठी अ‍ॅक्टिव्हची गरज पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. गरज पडते ती गेन खूप वर नेल्यावर, केबल लांब असल्यावर, किंवा जागा आपल्या हातात नसल्यावर. वागळे इस्टेटच्या किंवा तुर्भ्याच्या गाळ्यातल्या जॅम रूममध्ये शेजारी कसली यंत्रं चालतात ते आपण ठरवत नाही.

आता खुद्द पिकअप. ईएमजी ८१ मध्ये सिरॅमिक चुंबक आहे. मधले सूर पुढे, खालचे घट्ट, ठोका लगेच सुटतो. ब्रिजला तो शोभतो, मानेकडे मला तो कोरडा वाटतो. ८५ मध्ये अल्निको ५, म्हणून भरदार आणि गोल. काही जण ८५ ब्रिजला लावतात, आणि मध्यम गेनच्या रॉकसाठी ते ८१ पेक्षा जास्त माणसाळलेलं वाटतं. ६० क्लीनला सर्वांत स्पष्ट. कॉर्ड वाजवली तर तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. सेमूर डंकनच्या ब्लॅकआउट्समध्ये खालचे-वरचे दोन्ही सूर ८१ पेक्षा मोकळे आहेत, पण आउटपुट इतका की क्लीन चॅनेल सहज कुरकुरतो. अ‍ॅम्पचा गेन खाली आणून सुरुवात करा. फिशमन फ्लुएन्स २०१४ मध्ये आला आणि त्याने कॉइलची कल्पनाच बदलली. गुंडाळलेल्या तारेऐवजी एकावर एक रचलेले छापील सर्किटचे थर, आणि प्रत्येक पिकअपला निदान दोन आवाज, पुश-पुल पॉटने बदलता येणारे. मॉडर्न हंबकरमध्ये एक आवाज पारंपरिक अ‍ॅक्टिव्हसारखा घट्ट, तर दुसरा पॅसिव्हकडे झुकणारा. एकच गिटार घेऊन ऑर्केस्ट्रात जुन्या हिंदी गाण्यांपासून आजच्या मराठी रॉकपर्यंत सगळं वाजवायचं असेल, तर मी फ्लुएन्स सुचवीन. नुसती रिदम वाजवायची असेल तर ८१ आणि ६०.

फ्लुएन्सचा खर्च बॅटरीत दिसतो. ईएमजी ८१ ला सुमारे ८० मायक्रोअँपिअर पुरतात. दोन पिकअप, म्हणजे १६०. नऊ व्होल्टच्या चांगल्या अल्कलाइन बॅटरीत ५०० मिलिअँपिअर-तास धरले तर ३००० तासांवर हिशेब जातो. रोज दोन तास वाजवणाऱ्याला सुमारे चार वर्षं. फ्लुएन्सचा हिशेब हजारांत नसतो, शेकड्यांत असतो. केबल गिटारमध्येच खोचून ठेवायची सवय असेल तर ईएमजी ती महिनोन्‌महिने खपवून घेते. फ्लुएन्सची बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत बसते.

केबल खोचल्यावर बॅटरी सुरू होते ती जॅकमुळे. अ‍ॅक्टिव्ह गिटारला स्टिरिओ जॅक लागतो. बॅटरीची काळी तार मधल्या रिंगला जोडतात. साधा मोनो प्लग आत गेला की तो रिंग आणि स्लीव्ह (जॅकचा ग्राउंडचा भाग) जोडतो, सर्किट पूर्ण होतं. दुरुस्तीला दिलेली गिटार परत आल्यावर मुकी झाली, किंवा बॅटरी चार महिन्यांत संपायला लागली, तर आधी जॅक उघडून बघा. कोणीतरी मोनो जॅक बसवलेला असतो. काळी तार लोंबकळत ठेवली तर गिटार मुकी, स्लीव्हला जोडली तर बॅटरी अहोरात्र चालू. आणि चुकून हेडफोनसारखी स्टिरिओ केबल लावली तरी गिटार बोलत नाही. तिथे पिकअप बिघडलेला नसतो.

बसवण्याचं काम अवघड नाही. तारा उतरवा, जुन्या जोडणीचा फोटो काढा. जुने पॉट काढून टाका, ठेवू नका. अ‍ॅक्टिव्हला २५ किलोओमचे पॉट लागतात. ५०० चा राहिला तर व्हॉल्यूमची खुंटी बटणासारखी वागते: शेवटच्या थोड्याशा फिरण्यात सगळा आवाज येतो किंवा जातो. टोनचा कपॅसिटर पॅसिव्हला ०.०२२ मायक्रोफॅराडचा असतो, इथे ०.१ चा. नव्या संचात हे सगळं मिळतं, जोडण्याही खोचायच्या असतात, सोल्डर लागत नाही. फक्त विकत घेताना पॉटची दांडी लांब हवी की आखूड ते विचारा. लेस पॉलच्या जाड लाकडातून आखूड दांडी वर येत नाही. ईएमजीत लाल तार वीजपुरवठ्याची, पांढरी सिग्नलची, काळी किंवा उघडी जाळी ग्राउंडची. सोबतच्या कागदाशी ताडून बघा, कारण उलट लावलेला वीजपुरवठा प्रीअ‍ॅम्प मारू शकतो आणि रेझिनमध्ये गाडलेला प्रीअ‍ॅम्प दुरुस्त होत नाही.

बॅटरीची जागा आधी ठरवा. स्ट्रॅटमध्ये पिकगार्डखाली किंवा मागे स्प्रिंगच्या पोकळीत ती मावते, लेस पॉलमध्ये पॉटच्या शेजारी जेमतेम. फोमच्या तुकड्यात गुंडाळली नाही तर ती लाकडावर खटखटते आणि स्विचला टेकून शॉर्ट होते. झाकणाचे स्क्रू जोर लावून आवळावे लागत असतील तर बॅटरी चुकीच्या जागी आहे.

उंचीचा नियमही बदलतो. कमी खेचणाऱ्या चुंबकामुळे हे पिकअप तारांच्या बरेच जवळ आणता येतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा, २ मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि कानाने ठरवा. ८१ मध्ये सुटे खांब नाहीत, आत सलग पट्टी आहे, म्हणून तार ताणून बेंड घेतली तरी ती खांबावरून सरकून आवाज पडत नाही. कडेच्या दोन खांबांमधलं अंतर ५० की ५२ मिलिमीटर, ही चिंताही राहत नाही.

ब्रिजखालच्या ग्राउंडच्या तारेबद्दल मात्र घाई करू नका. पॅसिव्ह गिटारमध्ये ती तारांना अ‍ॅम्पच्या ग्राउंडशी जोडते आणि चरचर कमी करते. अ‍ॅक्टिव्ह पिकअप आतूनच मढवलेले असतात, तिची गरज उरत नाही, आणि ईएमजी ती तोडायलाच सांगते. मांडवात आणि सोसायटीच्या गच्चीवर हे महत्त्वाचं आहे. जनरेटरवर चालणाऱ्या रंगमंचावर अर्थिंग पुष्कळदा नावापुरतं असतं. अ‍ॅम्पचा सांगाडा आणि गायकाचा माइक वेगवेगळ्या विद्युत दाबावर असले, हात तारांवर आणि ओठ माइकवर असले, तर शॉक थेट छातीतून जातो. तार तोडली की तो एक रस्ता बंद होतो. पण केबलच्या प्लगला आणि जॅकच्या पट्टीला हात लागतोच, म्हणून निर्धास्त होऊ नये. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं प्लगच्या धातूला. शून्याच्या जवळ हवं. २०-३० व्होल्ट दिसले तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका, आणि रंगमंचाच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते विचारा. हे विचारायला कोणाला संकोच वाटू नये. एक पिकअप पॅसिव्ह ठेवला असेल तर मात्र ती तार ठेवावीच लागते.

तशी मिश्र जोडणी करूच नये असं मला वाटतं. २५ च्या पॉटवर पॅसिव्ह पिकअप वरचे सूर हरवतो. वेगळे पॉट दिले तरी स्विच मधल्या जागी आला की अ‍ॅक्टिव्हचा कमी इंपीडन्स पॅसिव्हला दाबून टाकतो.

जर्मेनियम फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारा पेडल, वापरणाऱ्यांसाठी एक स्पष्ट इशारा. तो पेडल गिटारच्या जास्त इंपीडन्सच्या कॉइलशी बोलायला बनवलेला आहे. व्हॉल्यूम ७ वर आणला की काचेसारखा साफ होणारा फझ अ‍ॅक्टिव्हपुढे नुसता किरकिरतो आणि साफ होत नाही. तिथे उपाय शोधण्यापेक्षा दुसरी गिटार घ्यावी.

दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून १८ व्होल्ट देणं हा लोकप्रिय बदल आहे. ईएमजी २७ व्होल्टपर्यंत चालते, बाकीच्यांचा कागद वाचा. यातून आवाज मोठा होत नाही. जोरात मारलेल्या ठोक्याचा माथा कापला जात नाही, एवढंच होतं. क्लीन आणि हलक्या गेनवर ते ऐकू येतं, पूर्ण गेनवर नाही.

बॅटरी उतरत आली की आधी जोराचे ठोके फाटतात, मग आवाज पातळ होतो. नवी बॅटरी ९.५ व्होल्टच्या आसपास दाखवते; ७ च्या खाली गेली की बदला. आणि हिशेबात चार वर्षं निघाली तरी मे महिन्यात बदलाच. खाडीच्या दमट हवेत जुनी बॅटरी गळते, आणि ठाणे-पनवेलच्या पट्ट्यात पहिल्या पावसानंतर क्लिपवर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. स्वस्त झिंक-कार्बन बॅटरी तर गिटारमध्ये ठेवूच नका. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या असाव्यात.

तुलना करायची असेल तर आधी आवाजाची पातळी सारखी करा, कारण जो मोठा तो कानाला चांगलाच वाटतो, आणि अ‍ॅक्टिव्ह बहुतेक वेळा मोठा असतो. दोन्ही गिटारींना एकाच मापाच्या नव्या तारा, समजा १०-४६, एकच प्लेक्ट्रम, एकच ट्यूनिंग. ऑडिओ इंटरफेसचं इन्पुट हाय-झेडवर (जास्त इंपीडन्सच्या, गिटारसाठीच्या जागी) ठेवा आणि अ‍ॅक्टिव्हसाठी गेन इतका खाली आणा की सर्वांत जोराचा ठोकाही लाल दिवा लावणार नाही. एकच ओळ दोन्हींवर वाजवून रेकॉर्ड करा, सरासरी पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, मग अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून ऐका. हे ३ मीटरच्या केबलवर एकदा आणि १० मीटरच्या केबलवर एकदा. व्हॉल्यूम १० वर एकदा आणि ५ वर एकदा. शेवटी, ज्या खोलीत आणि ज्या वेळी रोज वाजवता तिथेच, पंखा आणि दिवे नेहमीसारखे सुरू ठेवून, तारांना हात न लावता तीस सेकंद रेकॉर्ड करा. पुन्हा खुर्ची काटकोनात फिरवून तीस सेकंद. सगळ्या फायलींमध्ये या दोन आधी ऐका.